रायफल घेताना नळी नका मोजू, आधी पोराचा हात बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी देवळाली कॅम्पला राहतो, तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झालोय. हे पत्र लिहायचं कारण म्हणजे गेल्या दीडदोन महिन्यांत तीन घरचे आईवडील माझ्याकडं एकच प्रश्न घेऊन आले. पोराला नेमबाजी लावायचीये, रायफल कुठली घेऊ, आणि लांब नळीची घेतली तर निशाणा जास्त चांगला लागतो ना? तिघांनाही कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं की नळी जितकी लांब तितकी रायफल भारी. एकांनी तर दुकानातून कोटेशन सुद्धा आणलं होतं, दीड लाखाच्या वरचं, आणि पोरगा सातवीत, अंगानं काडी. माझ्या नातीच्या वेळी हीच चूक आमच्या घरात झाली आणि तिचं जवळपास एक वर्ष वाया गेलं, म्हणून म्हणलं पेपरातच लिहावं, म्हणजे जास्त लोकांपर्यंत जाईल.

स्वप्निल कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमधे 50 मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं मारायची रायफल स्पर्धा) ब्राँझ घेतलं, 451.4 स्कोर. पोरगा कोल्हापूरचा पण नेमबाजीत घडला तो आपल्या नाशकात, भोसला मिलिटरी स्कूलच्या रेंजवर. त्यामुळं आपल्याकडच्या पोरांना हा खेळ आता लांबचा वाटत नाही आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण हा खेळ महाग आहे, पहिली रायफल बहुतेक घरात कर्ज काढून नाहीतर सोनं मोडून येते, आणि ती चुकीची आली की पोरगं मागं पडतं आणि सगळे म्हणतात त्याच्यात दम नव्हता.

आता नळीचं. मी 1983 ला नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला भरती झालो तेव्हा आमच्या हातात एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल होती. बॅरल 21 इंची, अख्खी रायफल पावणेचार फुटाची, वजन चार किलोच्या वर. मैदानात प्रोन म्हणजे पालथं पडून 300 मीटरवर फायर करताना तिच्यासारखी रायफल नाही, गोळी सरळ जाते आणि जिथं जाते तिथं काम करून जाते. पण तीच रायफल घेऊन रात्री शक्तिमान ट्रकच्या मागच्या फळीवरून उतरताना फ्लॅश हायडर, म्हणजे नळीच्या तोंडावरचा जाळ झाकणारा तुकडा, ताडपत्रीच्या दोरीत अडकायचा, माणूस खाली आणि रायफल वर लटकलेली, वरून उस्तादाच्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या शिव्या. तोफेवरच्या माणसाला दोन्ही हात मोकळे लागतात, गोळा उचलायचाय, ट्रेल म्हणजे तोफेचा मागचा पाय ओढायचाय, तिथं पाठीवरची ती लांब रायफल दर पावलाला कुठंतरी ठोकायची. काहींच्याकडं 9 एमएमची कार्बाइन असायची, तिची नळी जेमतेम वीतभर, गळ्यात अडकवली की विसरून जा. पण तिच्यानं 100 मीटरच्या पुढं काही मारायची आशा नव्हती. पुढं इन्सास रायफल आली, बॅरल 464 मिलिमीटर म्हणजे सव्वाअठरा इंचाच्या आसपास, एसएलआरपेक्षा आखूड आणि हलकी. हत्यार कशासाठी आहे त्यावरून नळी ठरते, हे मी पंचवीस वर्षं अंगाखांद्यावर वागवून शिकलोय.

लांब नळीनं नक्की काय मिळतं ते सांगतो कारण दुकानदार ते अर्धवट सांगतात. बारूद जळली की गॅस गोळीला मागून ढकलतो आणि गोळी नळीत आहे तोवरच ढकलतो. सायकल शिकणाऱ्या पोराला आपण कॅरिअर धरून मागून ढकलतो तसंच, जितकं लांब मागं धावाल तितका वेग जास्त. पण आपला दम संपला आणि नुसता कॅरिअर धरून मागं धावलात तर उलट ओढच बसते. मोठ्या काडतुसाच्या रायफलला, म्हणजे 7.62 मिलिमीटरसारख्या, दम बराच वेळ टिकतो, तिथं नळीचा एक इंच कमीजास्त झाला की गोळीचा वेग सेकंदाला साधारण 20 ते 30 फुटांनी बदलतो. म्हणजे पाच इंच कमी केले तर शंभर ते दीडशे फूट गेले, मूळचा वेग पावणेतीन हजार फुटांच्या आसपास, त्यातले साडेतीन ते साडेपाच टक्के. 200-300 मीटरवर हे कळत पण नाही. 1000 यार्डावर मात्र कळतं, गोळी जास्त खाली पडते, वारा तिला जास्त वाहून नेतो, आणि आवाजाच्या वेगाच्या खाली आली की भरकटायला लागते. तिथं लांब नळीला तोड नाही आणि मी कुणाला तिथं आखूड घे म्हणणार नाही.

पण आपली पोरं 1000 यार्डावर कुठं मारतायत? आपली पोरं 10 मीटरवर एअर रायफल मारतायत, आणि त्यातली पुढं गेलेली 50 मीटरवर पॉइंट टू टू, म्हणजे 0.22 इंची गोळीची रायफल. पॉइंट टू टूच्या एवढ्याशा काडतुसातली बारूद सोळा-अठरा इंचात आपलं काम संपवते, त्याच्यापुढची नळी वेग वाढवत नाही, घर्षणानं झालाच तर किंचित कमी करते. शिवाय मॅचची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खालीच ठेवलेली असते, सेकंदाला 320-330 मीटर, म्हणजे तिथं वेगाच्या मागं लागायचं कारणच नाही. एअर रायफलला तर बारूदच नाही, दाबलेल्या हवेवर 4.5 मिलिमीटरची शिश्याची छर्रा-गोळी सेकंदाला 170 मीटरच्या आसपास जाते आणि 10 मीटरवर थांबते.

आणि आता जे सांगतोय ते प्रत्येक आईबापानं नीट वाचा. मॅचच्या एअर रायफलची जी लांबलचक नळी बाहेरून दिसते ती सगळी नळी नसतेच. आतली खरी, आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) असलेली नळी बहुतेक मॉडेलला 42 सेंटिमीटरच्या आसपास असते. तिच्यापुढं जे दिसतं ते पोकळ ट्यूब असतं, बाजूला भोकं पाडलेलं, गोळी त्याला शिवत सुद्धा नाही. मग ते कशाला लावतात, तर फोरसाईट, म्हणजे नेम धरायची पुढची साईट, अजून पुढं नेण्यासाठी. मागची साईट आणि पुढची साईट यांच्यात अंतर जितकं जास्त तितकी डोळ्याची चूक कमी मोजली जाते. हिशोब सोपा आहे, दोन साईटमधे अर्धा मीटर अंतर असेल आणि शिस्त घेताना (फौजेत नेम धरण्याला शिस्त म्हणतात) एक मिलिमीटरची चूक झाली तर 100 मीटरवर गोळी 20 सेंटिमीटर बाजूला जाते, तेच अंतर पाऊण मीटर असेल तर साडेतेरा सेंटिमीटरच्या आत. दुसरं म्हणजे पुढं वजन असलं की रायफल लवकर हलत नाही, उभ्यानं मारणाऱ्या तयार नेमबाजाला ती स्थिर वाटते, त्यामुळं मोठे खेळाडू पुढं ट्यूब लावतात, वरून वजनाच्या कड्या पण लावतात. नियमात बसतं ते, एअर रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं आणि बट सोडून आतल्या यंत्रणेच्या मागच्या टोकापासून पुढच्या ट्यूबच्या तोंडापर्यंत 850 मिलिमीटरच्या आत राहावं लागतं. म्हणजे लांबीचा फायदा खोटा नाही, पण तो तयार हाताचा फायदा आहे.

माझ्या नातीचं सांगतो. तेरा वर्षांची होती, वजन 38 किलो. दुकानदारानं सांगितलं सीनियर मॉडेलच घ्या, लांब ट्यूबवालं, पुढं नॅशनलपर्यंत चालेल, परत खर्च नको. आम्हाला पटलं. मी पण तिथं उभा होतो आणि मला कळायला पाहिजे होतं, पण मला हत्यार आवडलं आणि मी गप्प बसलो, हे मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. पहिले सहासात महिने पोरगी रडकुंडीला यायची. पहिल्या वीस गोळ्या बऱ्या, पुढच्या वीस कशातरी, शेवटच्या वीस विचारू नका. साठ गोळ्या मारायला सव्वा तास असतो आणि शेवटच्या अर्ध्या तासात तिचा चेहरा बघवायचा नाही. कोच म्हणायचे लक्ष नाही, सूनबाई म्हणायची मोबाइल जास्त बघते.

एका रविवारी मी तिचे शेवटचे कागदी टार्गेट घरी आणले आणि उजेडात धरून बघितले. भोकं सगळी उभ्या रेषेत. एकाखाली एक, एकाखाली एक, मण्यांची माळ टांगल्यासारखी, आणि माळ खालच्या बाजूला लांबत गेलेली. आडवी चूक जवळजवळ नाहीच. डोळा बरोबर, ट्रिगर बरोबर, पकड बरोबर, पोरगी चुकत नव्हती, रायफल पुढून खाली जात होती. दुसऱ्या दिवशी मी रायफल एका बोटावर तोलून बघितली, तोल जिथं सापडला तिथं चिकटपट्टी लावली, मग नातीला उभी करून तिचा डावा तळहात कुठं येतो ते बघितलं. तोल हाताच्या जवळजवळ चार बोटं पुढं. मोठा माणूस डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो आणि वजन हाडावरून खाली पायात जातं, ताकद लागत नाही. हिचं कोपर हाडापर्यंत नीट पोचतच नव्हतं, सगळं वजन दंडावर, आणि तेरा वर्षांच्या पोरीचा दंड सव्वा तास किती दम धरणार?

मग आम्ही पुढची ट्यूब काढली, वजनाच्या कड्या काढल्या, फोरसाईट मागं आणला, बट, म्हणजे खांद्याला टेकायचा भाग, दोन खाचा आखूड केला, रायफल परत झिरो केली, म्हणजे साईट नेमाला जुळवून घेतली. तोल बरोबर तळहातावर आला. तिनं रायफल खांद्याला लावली आणि म्हणाली, आबा, ही दुसरीच आहे का? त्या दिवशी स्कोर काही फार वाढला नाही, पण टार्गेट बघितलं तर ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, गोल झाला होता. उभी माळ गेली. मला भरती झाल्यापासून उस्ताद सांगत आलेत, मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, ट्रिगर ऑपरेशन, आणि त्यात पहिली पकडच आहे, शिस्त दुसरी.

हे कुणाला घरी करून बघायचं असेल तर चार फुटाचा बांबूचा दांडा घ्या, त्याला लिटरची भरलेली पाण्याची बाटली बांधा, एकदा हाताच्या जवळ आणि एकदा पार टोकाला, आणि पोराला तो रायफलसारखा धरून पाच मिनिटं उभं करा. वजन तेच. टोकाला बांधल्यावर दांड्याचं तोंड कसं थरथरतं आणि हळूहळू कसं खाली येतं ते तुम्हाला स्वतःला दिसेल.

लांब नळी म्हणजे अचूक नळी हा दुसरा गैरसमज, तो तर फौजेतल्या लोकांत पण आहे. अचूकता नळीच्या आतल्या कामात असते, आटे किती एकसारखे, तोंडाची कड किती साफ, आणि नळी किती ताठ. फायर झाला की नळी छडीसारखी लवते, डोळ्याला दिसत नाही पण लवते. तेवढ्याच जाडीची नळी दुप्पट लांब केली तर तेवढ्याच जोराला वाक आठपट येतो. म्हणून आखूड आणि जाड नळी कित्येकदा लांब आणि बारीक नळीपेक्षा चांगलं ग्रुपिंग देते. पॉइंट टू टूमधे अजून एक गोष्ट, गोळी नळीतून बाहेर पडायला दोनतीन मिलिसेकंद घेते, तेवढ्यात हात हलला तर चूक गोळीबरोबर बाहेर. नळी आखूड असली तर तो वेळ कमी होतो, शिकाऊ हाताला ते फायद्याचंच.

ही ओढाताण काही आजची नाही. इंग्रजांच्या काळात पायदळाला लांब रायफल आणि घोडदळाला आखूड कार्बाइन असं वेगवेगळं होतं. बोअर युद्ध 1902 ला संपलं आणि त्यांना कळलं की दोन जातीची हत्यारं सांभाळण्यात अर्थ नाही, मग 30.2 इंचाची नळी 25.2 वर आणली, ना फार लांब ना फार आखूड, आणि तीच पुढं आपल्या ईशापूरला बनलेली थ्री नॉट थ्री. फौजेनं ती दोन महायुद्धांत वापरली. मग दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जंगलासाठी अजून आखूड केली, पावणेएकोणीस इंचाच्या आसपास. झाडीत वागवायला सोपी झाली पण खांद्याला धक्का जबर, तोंडातून जाळ इतका की पुढं फनेलसारखा हायडर बसवावा लागला, आणि तिचा झिरो एका जागी राहत नाही ही तक्रार कायम राहिली. आखूड करायची पण किंमत असते, हे लपवायचं कारण नाही. नळी लहान केली की बारूद पूर्ण जळायच्या आत गॅस तोंडातून बाहेर पडतो, आवाज आणि भडका वाढतो, आणि शेजारी उभ्या माणसाचे कान जातात.

आमच्या देवळालीच्या लोकांना तर हे रोज ऐकू येतं. फायरिंग रेंजवरून धडाका झाला की भगूर-वडनेरच्या घरांच्या काचा वाजतात, पण कुठली तोफ वाजली याच्यामागं हाच हिशोब असतो हे फार थोड्यांना माहितीये. मी ज्या बोफोर्सवर होतो ती 155 मिलिमीटरची, 39 कॅलिबर, म्हणजे नळी तोंडाच्या 39 पट लांब, सहा मीटरची. साधा गोळा 24 किलोमीटरच्या आसपास. धनुष आली ती 45 कॅलिबर, नळी सात मीटरला टेकलेली, पल्ला 38 किलोमीटरपर्यंत सांगतात. पुण्याच्या एआरडीई या सरकारी संशोधन संस्थेनं केलेली अटॅग्ज तोफ 52 कॅलिबर, आठ मीटरची नळी, पोखरणला चाचणीत 48 किलोमीटर गेली, अर्थात ते नुसत्या नळीनं नाही, चेंबर (बारूद जळायची जागा) पण मोठा आणि गोळा पण वेगळा. मग सगळ्याच तोफा 52 च्या का नाही करत? कारण अटॅग्ज 18 टनाची आहे. 9 नोव्हेंबर 2018 ला इथंच देवळालीत के-9 वज्र आणि एम-777 या दोन तोफा एकाच दिवशी फौजेत आल्या, एक 52 कॅलिबर, 47 टनाची, स्वतःच्या पट्ट्यावर चालणारी, आणि दुसरी 39 कॅलिबर, वजन फक्त सव्वाचार टनाच्या आसपास, चिनूक हेलिकॉप्टरखाली टांगून डोंगरावर नेता येणारी. पल्ला तिचा कमी, पण जिथं रस्ता नाही तिथं ती पोचते आणि वज्र पोचत नाही. एवढ्या मोठ्या फौजेनं एकाच दिवशी लांब पण घेतली आणि आखूड पण घेतली. आपण मात्र सातवीतल्या पोरासाठी डोळे झाकून लांबच घेतो.

जाताजाता एक गोष्ट, कारण हा प्रश्न मला दारणाकाठच्या दोन शेतकऱ्यांनी विचारला. बिबट्याच्या भीतीनं पिकाच्या राखणीच्या लायसनच्या बंदुकीची नळी कापून आखूड करू का, मळ्यात वागवायला सोपी पडेल. अजिबात करू नका. 1959 च्या आर्म्स अॅक्टच्या कलम 6 प्रमाणं परवान्याशिवाय नळी आखूड करणं हाच गुन्हा आहे, बंदूक लायसनची असली तरी. वर हेक्सॉनं कापलेली कड वाकडीतिकडी राहते, नेम जातो तो जातोच. आणि बिबट्या कायद्यानं संरक्षित आहे, त्याच्यासाठी वनखात्याला फोन करा, रात्री एकटं मळ्यात जाऊ नका.

आता माझं मागणं काय ते लिहितो. नाशकातल्या शाळा, रेंज आणि क्लबवाल्यांना हात जोडून विनंती आहे की नव्या पोराला पहिले सहा महिने स्वतःची रायफल घ्यायलाच लावू नका. प्रत्येक रेंजवर दोनतीन रायफली अशा ठेवा ज्यांचा बट लहानमोठा होतो, गालाची पट्टी वरखाली होते, पुढची ट्यूब काढता येते, आणि पोरांना त्या आळीपाळीनं मारू द्या. जिल्हा क्रीडा कार्यालयाकडं साहित्याचा निधी येतो तेव्हा एक मोठी महागडी रायफल घेण्याऐवजी अशा दोन घ्यायचा विचार व्हावा. दुकानात जाणाऱ्या आईबापांनी पोराला सोबत न्यावं, फोटोवरून रायफल घेऊ नये. हातात घेऊन पाच मिनिटं बघून काही कळत नाही, वीस मिनिटं उभं राहून धरायला लावा, दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या, पैसे आपले आहेत. विसाव्या मिनिटाला फोरसाईट कुठं आहे ते बघा. खाली आला असेल तर ती रायफल अजून दोनतीन वर्षांनी घ्या, आत्ता नको.

आपल्या खेळाच्या पानावर स्पर्धांचे निकाल आणि पदकांचे फोटो येतात, चांगलंच आहे, पण पोराच्या उंचीला आणि वजनाला कुठली रायफल, हातमोजा कसा, जॅकेट कधी घ्यायचं, असं एखादं सदर महिन्यातून एकदा दिलंत तर कित्येक घरांचे पैसे वाचतील. लिहायला भोसलातले जुने कोच आहेत, फौजेतले रिटायर लोक तर देवळालीत गल्लोगल्ली आहेत.

नात आता पंधराची आहे. उंची वाढलीये, दंड भरलाय, कोपर बरोबर हाडावर बसतं. गेल्या रविवारी तिनं स्वतःहून कपाटातून ती ट्यूब काढली, अर्धी पुढं लावली, एक कडी चढवली आणि रायफल बोटावर तोलून बघितली, चिकटपट्टीची जुनी खूण अजून तिथंच आहे. म्हणाली, आबा, अजून एक कडी पुढच्या वर्षी.

आपला नेहमीचा वाचक,
एक निवृत्त हवालदार (तोफखाना)
देवळाली कॅम्प, नाशिक